नावेचं पोट

पहिल्या नावेनं कमळाबाईचा पदर भिजवला आणि दुसरीनं अख्खं लुगडं.

पाण्यानं भरलेला गुंड डोक्यावर घेऊन नावेच्या काठावर उभं राहायचं आणि खालून दोघांनी नाव हलवायची, ही तिच्या सासऱ्याची पारख. पाणी सांडलं तर ती नाव दुसऱ्याच्या नशिबाची. सासरा मेला, नवरा मेला, पारख तेवढी कमळाबाईकडे राहिली, आणि ती कोणाच्या हाती द्यायला ती तयार नव्हती. साठी उलटलेली बाई गुंड घेऊन काठावर चढते म्हटल्यावर राखणदार राजय्या "अम्मा, अम्मा" करत धावला होता. तिनं त्याला नुसत्या नजरेनं जागेवर बसवलं.

धरणाच्या भिंतीला लागून त्या तीन नावा बांधलेल्या होत्या, तिन्ही समुद्रावरच्या. आंध्राकडच्या ठेकेदारानं ट्रकवर घालून आणल्या होत्या. वैनगंगेचं अडवलेलं पाणी आता कुठं काठ, कुठं मधलं हे कळू नये इतकं पसरलं होतं, त्यात त्यानं मनसोक्त मासोळी काढली आणि ठेका संपल्यावर मशिनी उतरवून घेऊन तो गेला. नावा परत न्यायचा खर्च कोण करतो! राजय्याला तो सांगून गेला, दरवाजे उघडायच्या आत जे मिळेल ते घे आणि मोकळा हो. भिंतीचं काही काम निघालं होतं, म्हणून यंदा दरवाजे उन्हाळ्याच्या तोंडीच उघडणार होते.

तिसरी नाव सगळ्यांत मोठी होती. निळी, तोंडाशी दोन डोळे रंगवलेले, अंगावर तेलुगू अक्षरं. कमळाबाई काठावर चढली. लटारूनं, म्हणजे तिच्या धाकट्यानं, काठ धरून झोका दिला. शेजारच्या झिंगूनंही खांदा लावला. नाव जराशी कलली आणि चिखलात बसलेल्या म्हशीसारखी पुन्हा जागेवर आली. गुंडातलं पाणी काठाशी आलं, उन्हात चमकलं आणि आत परतलं. एक थेंब सांडला नाही.

"हे," कमळाबाई म्हणाली.

लटारूनं शर्ट काढायला घेतला. "माय, एक बुडी मारून खालून पाह्यतो."

"काऊन?"

"आपल्याकडची नाई ते. खाली कशी आहे, काय आहे..."

"नवरी पाह्यले गेल्यावर भर मांडवात तिचं लुगडं वर करून पाह्यलं होतं का रे तुह्या बापानं? घरी न्यायची, आपल्या घाटावर नारळ फोडायचं, मंग पोट पाह्यचं. चढव तो शर्ट."

"ते रीत डोंग्याची आहे, माय. आपल्याच मोहाच्या खोडाचा डोंगा, त्याचं पोट पाह्यलं काय न् नाई पाह्यलं काय."

"नाव म्हणजे नाव."

झिंगू दुसरीकडे पाहून हसला. तो गोंडाचा, त्याच्या घरी नाव म्हणजे पलीकडे जायचं साधन, नवरी वगैरे काही नव्हती. पण कमळाबाईसमोर हसायचं तर दुसरीकडे पाहूनच, हे तोही शिकला होता.

बदल्यात तिनं महाजाळ दिलं. नवऱ्यानं हयातभर गाठी मारून विणलेलं, ओलं असलं की उचलायला चार माणसं लागायची असं. राजय्यानं ते हातानं चाचपलं आणि त्याचा चेहरा खुलला. कमळाबाईनं जाळ्याकडे पाठ केली आणि काठावर, पाण्यापासून लांब बसलेल्या सुनेला हाक मारली.

"हर्षा, ऊठ. खांद्यावर पोतं घे, ओढायचा नाडा कापते."

हर्षा उठली, पण पाण्याकडे न पाहता. तिचा नवरा नथ्थू, कमळाबाईचा थोरला, याच पाण्यात गेला होता. मागच्या कार्तिकात मधल्या पाण्यावर वारा सुटला आणि डोंगा उलटला. नथ्थू सापडला तो याच भिंतीशी. तेव्हापासून हर्षा नदीचं पाणी भरत नव्हती. हापशीवर रांग असली तर रांगेत उभी राहायची, भांडण ऐकून घ्यायची, पण नदीवर जायची नाही. लटारूनंही डोंगा पालथा घालून ठेवला होता. गावातली अर्धी पोरं तेलंगणात मिरची तोडायला जाऊन राहिली होती आणि त्यानंही मजूर नेणाऱ्या मेटाला शब्द दिला होता.

त्या शब्दाला कमळाबाईनं एकच वळसा घातला होता. मोठी नाव आणू, जी वाऱ्यात उलटत नाही अशी. त्यावर लटारू म्हणाला होता, "नाव आपल्या डोहात लागली तर मी राह्यतो. नाई लागली तर पिकप आली का मी बसतो. वहिनीलेही नेतो, तिचं कोण आहे इथी? तू बस एकटी नदी धरून."

"लागली समज," ती म्हणाली होती.

*

त्यांचा कुरुडघाट धरणाच्या वरच्या अंगाला होता. घाटाखाली डोह. दरवाजे उघडले, नदी रेतीत गेली तरी डोहाचं पाणी हलत नसे. नाव तिथं पोचली की उन्हाळा निभावला. नाही पोचली तर रेतीत तडकणार, आणि पहिल्या पुरात कोणाच्या बापाची होईल सांगता येत नव्हतं.

पुढे दोन डोंगे जोडले, एकात लटारू, एकात झिंगू, दोघांच्या हाती लांब बांबू. हर्षाच्या खांद्यावर दोर, ती काठानं ओढत चालणार. मागं मोठ्या नावेत कमळाबाई उभी, बांबूनं तोंड वळवायला. वारा पाठीशी होता, पाणी भरलेलं. नाव अशी सरकत होती की कमळाबाईनं पदर खोचला, मान ताठ केली आणि दोन्ही काठांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला कोणीतरी पाहावं असं वाटत होतं, आणि पारडीच्या घाटावर तशी माणसं भेटलीही.

गुलाब धुणं धुवत होती. तिची आणि कमळाबाईची बोलाचाली जुनी होती, कोणत्या लग्नातल्या कोणत्या पंगतीवरून ते दोघींनाही आठवत नव्हतं, पण चालू होती.

"अवो कमळाबाई, आगगाडी आणली का वो पाण्यावर?"

"होय ना! तुह्या नवऱ्याच्या घोरण्यावर चालते. मशीन लागत नाई."

बाया हसल्या. गुलाबही हसली. तिथंच सोडून द्यायचं, पण कमळाबाईला सोडणं कधी जमलं? "धू बाई, धुणं धू. तुमच्या घाटाले अशा नावेची सवय नाई. डोळे दुखतीन."

गुलाबचं हसू गेलं. तिनं लुगडं दगडावर असं आपटलं की शिंतोडे नावेपर्यंत आले.

हर्षा काठावरून हे ऐकत होती. दोरानं तिच्या गळ्याजवळ लाल वळ उठला होता. तिनं पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि ती पुन्हा वाकली.

"थोडी दम घे वो वहिनी," डोंग्यातून लटारू ओरडला.

"दम घेतला तर पाणी थांबन का?" ती म्हणाली. सासूसारखं बोलायला लागली पोरगी, कमळाबाईच्या मनात आलं. बरं वाटलं तिला.

उन्हं उतरली तेव्हा पारडीच्या वरच्या मोहाखाली त्यांनी नाव बांधली आणि भाकरी खाल्ली. झिंगू फुललेल्या मोहाकडे पाहत म्हणाला, "बुधरी शिव्या देत असन. फूल पडून राह्यलं, अन् नवरा नाव ओढून राह्यला."

"तुह्या बायकोले सांग, तिले पह्यली मासोळी," कमळाबाई म्हणाली.

"ते म्हणते, मासोळी उद्या पडते, फूल आज पडते."

"शहाणी आहे. तुले कशी काय मिळाली?"

*

सकाळी पुन्हा जोडलं आणि थोडं वर जाताच पाट लागला. नदीच्या अंगातून आडवी गेलेली काळ्या दगडाची पट्टी. वर कमरेएवढं पाणी होतं. डोंगे त्यावरून असे गेले की खाली दगड आहे हे त्यांना कळलंही नाही. मोठ्या नावेच्या पोटातून मात्र खरवडल्याचा आवाज आला, दात खाल्ल्यासारखा, आणि कमळाबाई तोंडावर पडली.

दोर ताणले. नाव हलली नाही.

"बांबू लाव!"

बांबू लावला, तो वाकला आणि मोडला. फाटलेलं टोक लटारूच्या तळव्यातून सरळ गेलं. त्यानं हात पाण्यात बुडवला, पाणी लाल झालं. मग कोणाला न विचारता त्यानं शर्ट काढला आणि बुडी मारली.

कमळाबाईनं त्याला अडवलं नाही.

तो तोंड पुसत वर आला. "माय, पोट नाई ते. नांगराचा फाळ आहे. समोरून मागंपर्यंत फळी गेली आहे उभी, पोटाखाली, माह्या कमरेएवढी खोल. समुद्राले काय, खाली पाणीच पाणी. इथी ते दगडाले अडकली."

कमळाबाईला नावेच्या काठावरचा तो गुंड आठवला, काठाशी येऊन परत फिरलेलं पाणी आठवलं. नाव शहाणी नव्हती. खाली कोणीतरी तिला धरून ठेवलं होतं, आणि ते पाहायला तिनंच पोराला मना केलं होतं.

"म्या म्हटलं होतं पाह्यतो म्हणून," लटारू म्हणाला.

"म्हटलं होतं."

एवढंच. पण कमळाबाईनं कोणाचं म्हणणं असं जसंच्या तसं मान्य केल्याचं झिंगूनं कधी ऐकलं नव्हतं. तो डोंग्यातला दोर उगाच गुंडाळायला लागला.

तेवढ्यात पारडीच्या रस्त्यावरून ऑटो गेला, वर भोंगा लावलेला. दरवाजे उघडले आहेत, पाण्याच्या मोटारी काढून घ्या, नदीत उतरू नका. सगळ्यांनी पाटाच्या दगडाकडे पाहिलं. काठाच्या एका खडकावर ओला पट्टा उघडा पडला होता, हाताच्या बोटाएवढा.

"झिंगू, कुऱ्हाड दे," लटारू म्हणाला. "छाटतो ते फळी. छाटली का जाते वरून."

झिंगूनं कुऱ्हाड उचलली, पण दिली नाही. कमळाबाईकडे पाहिलं. तिलाही वाटत होतं, छाटावं. नाव घरी पोचेल, पोरगा घरी राहील. तिनं तोंड उघडलं होतं.

"छाटू नका," काठावरून हर्षा म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. "तेच तिले उलटू देत नाई ना? ते छाटलं तर मंग डोंगाच राह्यला. मोठा डोंगा. मंग कोणाले पाठवता त्यात, लटारूभाऊले?"

झिंगूनं कुऱ्हाड पुन्हा डोंग्यात ठेवली.

मग ते सगळे पाण्यात उतरले आणि खांद्यानं रेटायला लागले. कमळाबाई पाटाच्या कडेला छातीएवढ्या पाण्यात, लुगडं अंगाला चिकटलेलं, पाय शेवाळावरून घसरत होते. ती घसरली, बुडाली, वर आली, केस तोंडावर. नाव तिथंच. खडकावरचा ओला पट्टा आता वीतभर झाला होता.

"आत्याबाई," हर्षा म्हणाली, "तिले कुशीवर करा. अडलेल्या म्हशीले करतात तशी. आडवी झाली का ते फळीही आडवी होईन."

लटारूनं कपाळाला हात लावला. "खरं आहे. पण कलत नाई ना ते! एका काठावर बसायले माणसं पाह्यजेत. पंधरा-वीस तरी."

पंधरा-वीस माणसं एकाच ठिकाणी होती. कमळाबाईनं पदर पिळला आणि पारडीच्या घाटाकडे चालू लागली.

गुलाब धुणं खळबळत होती. तिनं मान वर केली नाही.

"गुलाब."

"सवय नाई वो आमच्या घाटाले. डोळे दुखतात."

"माणसं पाह्यजेत."

"कोण म्हणते?"

"मी म्हणते."

गुलाबनं एक लुगडं पिळलं, झटकलं, दगडावर वाळत घातलं. दुसरं घेतलं. घाटावरच्या बाया हात थांबवून बसल्या होत्या. कमळाबाईच्या लुगड्यातून पाणी गळून तिच्या पायाशी थारोळं झालं होतं. "नुसतं तोंडानंच का?" गुलाबनं विचारलं.

कमळाबाईनं हात जोडले. सगळ्या घाटासमोर, कोपरापासून जोडले.

गुलाबनं तिच्याकडे पाहिलं आणि तिला स्वतःलाच ते बघवलं नाही. "ठेव वो ते हात," ती खेकसली आणि वळून ओरडली, "उठा वो बायांनो! कपडे काई पळून जात नाईत. कमळाबाईची नवरी अडली."

बाया आल्या, आंघोळीला आलेले दोन-तीन बाप्येही आले. मांडवात बसतात तशा निळ्या नावेच्या एका काठावर दाटीवाटीनं चढल्या. नाव कलली, थोडी अजून कलली आणि थांबली. खाली लटारू आणि झिंगू दोर ताणून उभे, मानेच्या शिरा फुगलेल्या.

"आणखी वजन!" लटारू ओरडला. "एकच माणूस पाह्यजे होतं!"

काठावर एकच माणूस उरलं होतं. कमळाबाईनं हर्षाकडे पाहिलं नाही. बोलावलंही नाही. कोणत्या तोंडानं बोलावणार?

हर्षानं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. ती पाण्यात उतरली. गुडघ्याला पाणी लागलं तसे तिनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच हात पुढे करत चालत आली. गुलाबनं तिला दंडाला धरून वर ओढलं आणि आपल्या मांडीला मांडी लावून बसवलं. नाव कण्हली. दूरचा काठ आभाळात गेला, निळी कूस दगडाला टेकली आणि घासत, खरवडत, एका दमात पाटाच्या पलीकडे गेली.

सगळ्या बाया पाण्यात पडल्या आणि ओरडायला लागल्या, हसायला लागल्या. हर्षाही पडली. ती हसली नाही, पण रडलीही नाही. नाक पुसत उभी राहिली.

"ने आता घरी," गुलाब कमळाबाईला म्हणाली. "अन् नारळाले बोलाव."

*

पाणी मात्र थांबलं नव्हतं. दुपार कलली तशी नदी आखडत गेली. कालपर्यंत जिथं पुरुषभर पाणी होतं तिथं रेतीच्या पाठी उघड्या पडायला लागल्या, त्यांवर बगळे उतरले. धारेचा जोर उलटा होता. दोरांनी झिंगूच्या खांद्याची साल निघाली. लटारूच्या हाताला बांधलेलं फडकं काळं पडलं. कुरुडघाट दिसायला लागला, घाटावरचा मोह दिसला, त्याच्याखाली डोहाचं काळं पाणी दिसलं. हाक मारली असती तर घाटावरच्या माणसानं ओ दिली असती.

तिथं नाव रेतीत बसली.

गावातली माणसं आली, फावडी आली. दिवस मावळेपर्यंत डोहाच्या बाजूनं चर खणला. रेती उपसली की बाजूची रेती आत यायची. कोणी कमळाबाईला थांब म्हणेना, म्हणून ती उपसत राहिली. शेवटी पाणीच राहिलं नाही आणि नाव हळूच एका कुशीवर टेकली, तिची उभी फळी उघडी, शेंदरी रंगाची. ज्याला पाहायचं होतं त्यानं पोट पाहून घेतलं. लहान पोरं हातही लावून गेली.

*

सकाळी पिकप आली. काठावर उभी राहून हॉर्न वाजवायला लागली.

लटारू रेतीतून खाली आला. हातात पिशवी, पायात बूट. नावेजवळ येऊन उभा राहिला.

"माय, तू म्हटलं तर थांबतो."

कमळाबाई नावेच्या कुशीखाली दगड लावत होती, नाव सरळ करायला. "डोहात लागली का?"

"नाई."

"मंग? बोल तू दिला होता, मीही दिला होता. जा." मग ती उठली, त्याचा हात ओढून घेतला आणि फडकं सोडून, आपल्या पदराची चिंधी फाडून पुन्हा बांधलं, घट्ट. "हे सोडू नको. मिरचीचं पाणी जखमेले लागलं तर बोंबलशीन."

"अन् तू?"

"मी इथी. पूर येईन तवा नावेचा दोर धरायले माणूस पाह्यजे."

"पावसाळ्यापर्यंत? रेतीत?"

"तुह्या बापाच्या घरात गळते, इथी तरी गळत नाई."

तो हसला, अर्धवट. "नारळ?"

"पाणी आल्यावर फोडू. ने, तुह्या वहिनीले हाक मार. तिचं बोचकं रातीच बांधून ठेवलं आहे."

तो गेला. कमळाबाई पाठ करून दगड लावत राहिली. मागं पिकपचं दार वाजलं, कोणी कोणाला सरक म्हणालं, हॉर्न झाला, गाडी सुरू झाली. तिनं वळून पाहिलं नाही. बसायची ती बसली असणार. पोरीचं वय काय, तिनं काय म्हणून एका म्हातारीसोबत रेतीत बसायचं? नाव आता जवळजवळ सरळ झाली होती. कमळाबाई वर चढली, चुलीचे तीन दगड मांडले, एक डुगडुगत होता, त्याच्याखाली कौलाचा तुकडा सारला. फुंकणी विसरली होती. पाणीही आणलं नव्हतं. गाडीचा आवाज जंगलात शिरला आणि संपला.

मग रेतीत पावलं वाजली.

हर्षा होती. काखेत बोचकं, डोक्यावर गुंड. हापशीच्या बाजूनं नाही, डोहाच्या बाजूनं येत होती. लुगड्याची कड गुडघ्यापर्यंत ओली, आणि ओल्या पायांना घोट्यापर्यंत रेती चिकटलेली. चालताना गुंड हिंदकळत होता, पाणी तिच्या कपाळावरून, गालांवरून ओघळत होतं. नावेजवळ येऊन ती थांबली. वर पाहिलं.

कमळाबाईनं वाकून दोन्ही हातांनी गुंड उतरवून घेतला. तो चुलीजवळ ठेवला, नीट बसवला.

"पाय झटकून ये वर," ती म्हणाली. "घर आहे ते."